आघात आणि आस : मिक्सिंगमध्ये ठोक्याला आकार देण्याचे तंत्र

तबल्यावर ‘ना’ वाजतो तेव्हा कानाला एकच आवाज ऐकू येतो, पण त्यात एकामागून एक येणारे दोन आवाज असतात. तर्जनी चाटीवर पडताच पुडीला धक्का बसतो आणि पहिल्या काही मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत, खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या वारंवारता एकदम उसळतात. या भागाला सूर नसतो. तो नुसता कोरडा, कडक ‘टक्’ असतो. त्यानंतर पुडी आपल्या ठरलेल्या कंपनांत स्थिरावते. शाईच्या वजनामुळे ही कंपने एकमेकांच्या जवळजवळ पूर्ण पटीत असतात, म्हणून मिळवलेला सूर ऐकू येऊ लागतो. आपल्या चर्मवाद्यांतून असा सुरेल नाद कसा निघतो, याचा उलगडा चं. वे. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मधील टिपणात आणि पुढे १९३४ च्या निबंधात केला.

ठोका पडून गेल्यावर मागे रेंगाळणाऱ्या या नादाला वादक ‘आस’ म्हणतात. त्याआधीच्या ‘टक्’ला ध्वनितंत्रात ट्रान्झियंट किंवा अटॅक असे नाव आहे. कॉम्प्रेसरच्या एका नॉबचेही नाव अटॅकच असल्याने घोटाळा होतो, म्हणून या लेखात आवाजाच्या सुरुवातीच्या भागाला आघात आणि नॉबला अटॅक म्हटले आहे.

आघात आणि आस यांचे प्रमाण वाद्यागणिक बदलते. हलगीत आघातच जवळजवळ सगळे काही असतो, आस नावापुरती. टाळाला तीक्ष्ण आघात आणि लांब आस, दोन्ही असतात. डग्ग्याच्या ‘घे’चा आघात बोथट असतो, त्याचे वैभव घुमाऱ्यात आणि मनगटाच्या दाबाने वर चढणाऱ्या सुरात आहे. सतारीवर मिजराबेचा, पेटीवर भात्याचा आणि गळ्यात ‘क’, ‘ट’, ‘प’ यांसारख्या व्यंजनांचा आघात येतो. गाण्याचे शब्द कळतात ते मुख्यतः या व्यंजनांच्या आघातांमुळे.

आघात एवढा लहान असूनही वाद्याची ओळख मोठ्या प्रमाणात त्यात साठलेली असते. पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओवर काम करणाऱ्या पिअर शेफर यांना १९४८ च्या सुमारास हे प्रयोगातून दिसले. त्यांनी घंटेचा टोला पडून गेल्यावर मुद्रण सुरू केले, म्हणजे आघात वगळून फक्त आस टिपली. तो नाद ऐकणाऱ्याला घंटा वाटेना. एखाद्या फुंकवाद्याचा स्वर वाटू लागला. पियानोच्या पट्टीचा आघात कापला तरी असेच होते. मिक्सिंगमध्ये आघाताला हात घालणे म्हणजे वाद्याच्या ओळखीला हात घालणे, हे त्यावरून लक्षात यावे.

कान आणि मीटर या आघाताकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात, आणि मिक्सिंगमधल्या अर्ध्या अडचणी तिथून सुरू होतात. एखादा आवाज किती मोठा आहे हे कान क्षणात ठरवत नाही. साधारण १०० ते २०० मिलिसेकंदांतली ऊर्जा जमेस धरून ठरवतो. त्यामुळे तीन मिलिसेकंदांचे टोक कितीही उंच असले तरी ते त्या मानाने मोठे वाटत नाही. टोकदार, जवळचे किंवा कडक वाटते. मोठे वाटत नाही. उलट डिजिटल मुद्रणाला एका नमुन्यापुरतेही टोक पुरते. ते कमाल पातळीच्या वर गेले की तिथेच छाटले जाते. जुने व्हीयू मीटर १९३९ साली ठरले, तेव्हा त्याच्या काट्याला ठरलेल्या पातळीवर पोचायला ३०० मिलिसेकंद लागावेत अशी रचना केली गेली. हा काटा कानाच्या बराच जवळचा, पण तबल्याचा आघात त्याला दिसतच नाही. काटा निवांत हलत असतो आणि टोके दहा-बारा डेसिबल वर जाऊन आलेली असतात.

मिक्स करताना याचा त्रास असा होतो. तबल्याच्या ट्रॅकची टोके सगळी जागा खाऊन बसतात, फेडर वर न्यायला वाव उरत नाही, आणि तरीही पेटी व गायन सुरू झाले की तबला मागे बुडतो, कारण त्याची आस त्या दोघांच्या सलग आवाजाखाली झाकली जाते. कधी नेमके उलटे होते. माइक दूर असतो, खोली घुमते, आणि ठोका आहे पण धार नाही अशी अवस्था होते. पहिल्या वेळी आघात आवरून आस वर काढावी लागते, दुसऱ्या वेळी आघात वर काढून आस आवरावी लागते. दोन्ही कामे एकाच यंत्राकडून करून घेता येतात, आणि याच ठिकाणी शिकाऊ माणसाची सर्वांत जास्त फसगत होते.

ते यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो त्याला खाली दाबतो. ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड, आणि किती दाबायचे ते रेशो ठरवतो. रेशो ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या वर आलेल्या दर चार डेसिबलांपैकी एकच बाहेर पडतो. एवढे समजले की कॉम्प्रेसर समजला असे वाटते, पण तालवाद्यांच्या बाबतीत हा भाग दुय्यम आहे. खरा निकाल अटॅक आणि रिलीज या दोन वेळांवर लागतो. आवाज थ्रेशोल्ड ओलांडून गेल्यावर दाब पुरता बसायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक. आवाज खाली आल्यावर दाब उठायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज.

‘ना’चा एक ठोका घेऊन हे अगदी जवळून पाहता येते. समजा, डिजिटल कमाल पातळी शून्य धरली तर आघाताचे टोक उणे ६ डेसिबलवर आहे आणि ३० मिलिसेकंदांनंतरची आस उणे १८ वर. दोघांत अंतर १२ डेसिबलांचे. थ्रेशोल्ड उणे २४ वर ठेवला आणि रेशो ४:१. आता अटॅक अतिजलद, एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका ठेवला तर टोक जवळजवळ पूर्ण पकडले जाते. थ्रेशोल्डच्या वरच्या १८ डेसिबलांचे साडेचार उरतात, म्हणजे टोक उणे १९.५ वर येते. रिलीजही चपळ असेल तर आस आपल्या हिशेबाने दाबली जाते. तिच्या सहा डेसिबलांचे दीड होतात आणि ती उणे २२.५ वर येते. आधी १२ डेसिबलांचे असलेले अंतर आता तीनच डेसिबलांचे राहिले. आता सगळा ट्रॅक १० डेसिबल उचलला तर टोक उणे ९.५ वर आणि आस उणे १२.५ वर जाते. टोक मूळपेक्षा साडेतीन डेसिबल खाली, आस साडेपाच डेसिबल वर. तबला भरदार, लांब आणि थोडा मागे सरकल्यासारखा ऐकू येतो.

आता थ्रेशोल्ड आणि रेशोला अजिबात हात न लावता फक्त अटॅक ३० मिलिसेकंदांवर न्यावा. टोक येऊन गेले तरी दाब अजून बसायचाच असतो, त्यामुळे ते उणे ६ च्या आसपास जसेच्या तसे निसटते. दाब येतो तो आसेवर, आणि ती साधारण उणे २२ पर्यंत खाली जाते. अंतर १२ वरून १६ डेसिबलांवर गेले. ट्रॅक चार डेसिबल उचलला की आस आपल्या मूळ जागी परत येते आणि टोक मात्र आधीपेक्षा चार डेसिबल वर निघते. ठोका धारदार झाला, पुढे आला. आवाजाचा चढउतार कमी करायला बनवलेल्या यंत्राने तो वाढवला. एका नॉबने एवढा फरक पडतो, आणि म्हणूनच ‘तबल्यावर कॉम्प्रेसर लावला’ एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही.

या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशातच बहुतेक काम चालते. अटॅक तीन ते दहा मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवला की ‘टक्’चा अगदी पहिला कण सुटतो आणि त्यामागचा जाड भाग पकडला जातो. ठोका पातळ पण स्पष्ट होतो. नॉब फिरवताना सर्वांत जलद जागेपासून सुरुवात करावी. ठोका दबलेला, बोथट ऐकू येतो. मग हळूहळू वेळ वाढवत जावे. एका ठिकाणी धार अचानक परत येते, आणि ती जागा कानाला सहज सापडते. आकडे मात्र एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेऊ नयेत. काही उत्पादक दाब ६३ टक्के बसण्याचा वेळ अटॅक म्हणून सांगतात, काही ९० टक्क्यांचा. एका यंत्रावरचे १० मिलिसेकंद दुसऱ्यावर निराळे ऐकू येतात.

रिलीजचे गणित लयीशी बांधलेले असते. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. त्या मात्रेत ‘तिरकिट’ची चार अक्षरे आली तर दोन अक्षरांत १२५ मिलिसेकंदांचे अंतर पडते. रिलीज ४०० मिलिसेकंदांचा ठेवला तर ‘ति’ने आणलेला दाब ‘ट’ येईपर्यंतही उठत नाही. पहिले अक्षर ठणठणीत आणि पुढची तिन्ही गुदमरलेली. वादकाने चारही अक्षरे समान वजनाने काढण्यासाठी वर्षानुवर्षे जो रियाज केलेला असतो, तो एका चुकीच्या नॉबने पुसला जातो. उलट विलंबित एकतालात अगदी छोटा रिलीज ठेवला तर प्रत्येक ठोक्यानंतर आस, तंबोरा आणि खोलीचा आवाज भसकन वर येतो आणि मिक्सला धाप लागल्यासारखी वाटते. म्हणून रिलीज पुढचा ठोका यायच्या जरा आधी दाब पूर्ण उठेल इतका ठेवावा. बंदिशीत लय वाढत जाते, हे लक्षात घेता ठेवणीतले एकच सेटिंग सुरुवातीपासून शेवटच्या तिहाईपर्यंत चालवणे धोक्याचे. ठिकठिकाणी ते बदलत न्यावे.

खालच्या सुरांना आणखी एक मर्यादा असते. डग्ग्याचा घुमारा ८० हर्ट्झच्या आसपास असेल तर त्याचे एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचे होते. अटॅक आणि रिलीज दोन्ही याहून बरेच लहान ठेवले तर कॉम्प्रेसर ठोक्याचा पाठलाग सोडून प्रत्येक आवर्तनाच्या चढउताराचाच पाठलाग करू लागतो. लाटेचा आकार बिघडतो आणि घुमाऱ्यात खरखर येते. ढोलासाठी किंवा नव्या चित्रपटगीतांतल्या सबबाससाठीही हेच लागू आहे.

तबला आणि डग्गा एकाच ट्रॅकवर असतील तर डग्ग्याची जड ऊर्जा कॉम्प्रेसरला चालवते आणि ‘धा’वर तबल्याचा ‘ना’ विनाकारण दबतो. यावर उपाय म्हणजे कॉम्प्रेसर ज्या आवाजाकडे पाहून निर्णय घेतो, त्या आतल्या वाटेवर फिल्टर लावून १००-१५० हर्ट्झखालचा भाग काढून टाकणे. ऐकू येणाऱ्या आवाजातून डग्गा जात नाही, फक्त निर्णय घेताना यंत्र त्याच्याकडे दुर्लक्ष करते. बहुतेक प्लगइनमध्ये साइडचेन या नावाखाली ही सोय असते.

या सगळ्या वेळांचे स्वभाव जुन्या यंत्रांच्या घडणीतून आले. १९६७ साली बिल पटनम यांनी रचलेल्या यंत्रात, म्हणजे सगळीकडे ‘अकरा-शहात्तर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यूरेई ११७६ मध्ये, ट्रान्झिस्टरचा एक प्रकार असलेला एफईटी दाबासाठी वापरला होता. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सर्वांत सावकाश ठेवला तरी एका मिलिसेकंदाच्या आतच. त्यावर थ्रेशोल्डचा नॉबच नाही. आत किती आवाज ढकलायचा यावर दाब ठरतो. अटॅकचा नॉबही उलटा आहे, उजवीकडे पूर्ण फिरवला की सर्वांत जलद. तालवाद्यावर हे यंत्र लावले की आघात आवळला जातो आणि त्याला एक कडक चकाकी येते. टेलेट्रॉनिक्सचे एलए-२ए याच्या अगदी विरुद्ध. त्यात आवाजाच्या चढउताराप्रमाणे एक प्रकाशपट्टी उजळते आणि तिच्या समोरचा प्रकाशसंवेदी रोध दाब ठरवतो. प्रकाशाच्या या खेळाला वेळ लागतो, अटॅक सरासरी १० मिलिसेकंदांचा, आणि दाब अर्धा पटकन उठून उरलेला सावकाश, काही सेकंद घेत उठतो. गाण्याच्या आवाजावर तो लोण्यासारखा चालतो. वेगवान ठेक्यावर तो मागे पडतो. डेव्हिड ब्लॅकमर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेच्या दाबाने नियंत्रित होणारा व्हीसीए परिपथ आणला आणि नेमक्या, मोजून ठरवता येणाऱ्या कॉम्प्रेसरांचा मार्ग खुला झाला. सॉलिड स्टेट लॉजिकच्या कन्सोलवरचा बस कॉम्प्रेसर याच कुळातला. त्याच्या अटॅकला ठरीव सहा जागा आहेत : ०.१, ०.३, १, ३, १० आणि ३० मिलिसेकंद. अख्ख्या मिक्सवर तो लावताना बहुतेक जण शेवटच्या दोन जागांवर राहतात, कारण तिथे ठोके मोकळे सुटतात.

कॉम्प्रेसरच्या जोडीला गेट येते. ते ठरावीक पातळीच्या खालचा आवाज बंद करते. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएल यांच्या १९८० च्या तिसऱ्या अल्बमचे काम चालू असताना या दोघांचा एक गाजलेला मेळ जुळून आला. ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम होते आणि ड्रमवर फिल कॉलिन्स. कन्सोलवर वादकांचे बोलणे ऐकण्यासाठी छतावरच्या माइकला जोडलेला एक कॉम्प्रेसर होता, आणि तो अत्यंत जोरकस दाबणारा होता, जेणेकरून खोलीत कुठूनही कोणी बोलले तरी ऐकू यावे. तो माइक चालू असताना ड्रम वाजले आणि खोलीचा सगळा नाद आघाताच्या बरोबरीने उसळून वर आला. त्यावर गेट लावून तो नाद मध्येच कापला गेला. आघात, मागे प्रचंड मोठी खोली, आणि मग अचानक शांतता. हा आवाज ‘इन्ट्रूडर’ या गाण्यात आणि पुढच्या वर्षी कॉलिन्स यांच्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये आला, आणि १९८० च्या दशकातल्या पॉप संगीतावर त्याचा ठसा राहिला. आस म्हणजे फक्त वाद्याची नसते, खोलीचीही असते, आणि तीही घडवता येते, हे या मेळाने सर्वांत ठळकपणे दाखवले.

तबला आणि ढोलकीवर मात्र गेट शक्यतो टाळावे. ड्रमसेटवर एका ठोक्यानंतर शांतता असते, तबल्यावर ती नसते. बोटांचे हलके भराव, डग्ग्यावर घासत जाणारी मींड, बोलांच्या मधले न वाजल्यासारखे वाजलेले ठोके, हे सगळे थ्रेशोल्डच्या खालीच असते आणि गेट त्याला कचरा समजून कापते. दुसरा धोका असा की गेट उघडायला मिलिसेकंदभर जरी उशीर झाला तरी तो नेमका आघातच गिळतो. डिजिटल गेटमध्ये आवाज थोडा उशिरा सोडून आधीच पुढे पाहण्याची सोय असते आणि त्यामुळे हा दोष टळतो, पण पहिली अडचण तशीच राहते. पूर्ण बंद करण्याऐवजी सहा-आठ डेसिबलच खाली नेणारा सौम्य एक्स्पांडर जास्त सुरक्षित.

थ्रेशोल्डवर चालणाऱ्या सगळ्याच यंत्रांची एक मूळ अडचण आहे : ती मोठ्या ठोक्याला वेगळे वागवतात आणि छोट्याला वेगळे. वादक हळू वाजवू लागला की आवाज थ्रेशोल्डखाली जातो आणि आकार देणे थांबते. जर्मनीतल्या एसपीएल या कंपनीने १९९८ साली आणलेल्या ट्रान्झियंट डिझायनरने हा प्रश्न बाजूला ठेवला. रूबेन टिल्गनर यांच्या या रचनेत थ्रेशोल्ड नाही, रेशो नाही. मुख्य नॉब दोनच, अटॅक आणि सस्टेन. आत एकाच आवाजाच्या पातळीचा दोन वाटांनी पाठलाग होतो, एक वाट चपळ आणि दुसरी सुस्त. ठोका पडताच चपळ वाट झटकन वर जाते आणि सुस्त वाट मागे राहते. या दोहोंतला फरक म्हणजेच आघात. तो फरक जितका वेळ टिकतो तितकाच वेळ आवाज वाढवायचा किंवा कमी करायचा. आसेसाठीही अशीच दुसरी जोडी असते. दोन्ही वाटा एकाच आवाजावर चालत असल्याने ठोका मोठा असो की लहान, फरक तसाच निघतो. आघात १५ डेसिबलांपर्यंत आणि आस २४ डेसिबलांपर्यंत वर-खाली करता येते.

ढोलकीसाठी हे साधन विशेष कामाचे आहे. लावणीतल्या ढोलकीत शाईच्या पुडीचा टणत्कार आणि धुमीचा घुमारा एकमेकांना खेटून येतात, आणि वादक क्षणात दबक्या ठेक्यावरून तोड्यावर उडी घेतो. कॉम्प्रेसर त्या उडीतला जोर कमी करतो. ट्रान्झियंट डिझायनरने आघात दोन-तीन डेसिबल वाढवला तर दबका ठेका स्पष्ट होतो आणि तोड्याचा जोरही राहतो. पण याच साधनाने आस वाढवायला गेल्यास माइकमध्ये शिरलेली पेटी, घुंगरू आणि पंख्याची घरघरही सोबत वर येते. घुमणाऱ्या खोलीत मुद्रित केलेला ठेका कोरडा करायला आस कमी करण्याचा मार्ग मात्र उत्तम चालतो. प्लगइनमध्ये हा नॉब सहज हाताला लागतो, म्हणून तो अतिरेकाने वापरला जातो. प्रत्येक वाद्याचा आघात वाढवला तर सगळीच वाद्ये पुढे येऊ पाहतात आणि कोणीच पुढे राहत नाही.

अगदी छोटी टोके काढायची असतील तर दाबण्यापेक्षा सरळ छाटणे कधीकधी जास्त स्वच्छ ठरते. हे ऐकायला विचित्र वाटते, कारण छाटणे म्हणजे विकृती. पण आघाताच्या पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांत मुळातच सूर नसतो, सगळ्या वारंवारतांचा कल्लोळ असतो, आणि छाटण्यातून निर्माण होणारी थोडी खरखर त्या कल्लोळात लपून जाते. ‘ना’च्या टोकावरचे दोन डेसिबल क्लिपरने काढले तर बहुतेकांना फरक ऐकू येत नाही, आणि फेडर दोन डेसिबल वर न्यायला जागा मिळते. लिमिटरने, म्हणजे अतिजलद आणि फार मोठ्या रेशोच्या कॉम्प्रेसरने, तेच केले तर दाब उठेपर्यंत आसही थोडी दबते. सुराच्या सलग भागावर मात्र क्लिपर चालत नाही. पेटी किंवा आलाप त्यातून गेला की खरखर उघडी पडते. चुंबकीय टेपवर हे काम आपोआप होत असे. जोरात मुद्रण केले की टेप टोकांना गोलाई देई, आणि त्या काळच्या तालवाद्यांना जो गुबगुबीतपणा वाटतो, त्यात या गोलाईचा वाटा आहे.

आघातही हवा आणि आसही हवी, असा हट्ट असेल तर समांतर कॉम्प्रेशन कामी येते. ट्रॅकची एक प्रत काढून ती जलद अटॅकने अगदी चेपून टाकायची आणि मूळ ट्रॅकखाली थोडी मिसळायची. आघाताच्या क्षणी मूळ ट्रॅक इतका वर असतो की चेपलेली प्रत ऐकूच येत नाही. आस उतरू लागली की प्रत तिला खालून आधार देते. फक्त दोन्ही प्रती वेळेत तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एक प्रत एका मिलिसेकंदाने उशिरा आली तरी दोन्हींच्या बेरजेत ५०० हर्ट्झवर, १५०० वर आणि पुढे तशाच अंतराने खड्डे पडतात, आणि तबला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

हीच काळजी अनेक माइकांच्या बाबतीत आधी घ्यावी लागते. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तबल्याजवळचा माइक आणि मीटरभर वरचा माइक यांत आघात जवळजवळ तीन मिलिसेकंदांच्या फरकाने पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की एका ठोक्याला दोन टोके येतात, आणि अशा दुभंगलेल्या आघाताला कोणताही कॉम्प्रेसर धार देऊ शकत नाही. आधी वेव्हफॉर्म जुळवून घ्यावेत, मगच डायनॅमिक्सकडे वळावे. माइकची निवडही आघात घडवते. कंडेन्सर माइकचा पातळ पडदा टोकामागे लगेच धावतो. डायनॅमिक माइकचा पडदा तारेच्या वेटोळ्याने जड झालेला असल्याने टोक आधीच थोडे गोल करून देतो. कर्कश ताशासाठी तो कित्येकदा बरा.

ढोल-ताशाचा विषय निघाला की आघाताच्या नियमांना एक अपवाद मान्य करावा लागतो. मिरवणुकीतल्या पथकात शेकडो टिपरू एकाच ठोक्यावर पडतात, पण एकाच क्षणी पोचत नाहीत. रांग ३० मीटर लांब असेल तर दूरच्या टोकाचा ठोका जवळच्या माणसाला सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. या पसरण्यातूनच ढोलांचा तो छातीत भरणारा घोष तयार होतो. तिथे आघात टोकदार करायला गेले की शंभर ढोलांचे दहा ढोल वाटू लागतात. ताशाची तडतड वेगळी टिपून तिच्यावर धार ठेवावी आणि ढोलांचा समूह तसाच रुंद राहू द्यावा. दोन्ही एकाच ट्रॅकवर मुद्रित झाले असतील तर वरच्या आणि खालच्या वारंवारता वेगवेगळ्या हाताळणारा मल्टिबँड कॉम्प्रेसर वापरता येतो, पण ते वेगळ्या माइकांची बरोबरी करत नाही.

आघाताच्या धारेवर वाद्याचे अंतरही अवलंबून असते. खऱ्या जगात दूरचा ठोका बोथट ऐकू येतो, कारण हवा वरच्या वारंवारता शोषते आणि खोलीचे परावर्तित आवाज आघाताला झाकतात. मिक्समध्ये वाद्य मागे न्यायचे असेल तर फेडर खाली करण्याआधी त्याचा आघात मऊ करून पाहावा. आवाज तेवढाच राहूनही वाद्य मागे जाते. गायनाच्या मागे टाळ ठेवायचा असेल तेव्हा हे फार उपयोगी पडते. भजनात टाळ कमी केला तर भजनाचा जीव जातो, आणि तसाच ठेवला तर त्याची टोके गायकाच्या व्यंजनांवर येऊन शब्द बुडवतात. जलद अटॅकने टाळाचा आघात तीन-चार डेसिबल खाली आणला की टाळ हजर राहतो आणि शब्दही कळतात.

कोणताही बदल तपासताना आधीचा आणि नंतरचा आवाज सारख्याच पातळीवर ऐकायला हवा. कॉम्प्रेसरनंतर ट्रॅक एक डेसिबलने जरी मोठा राहिला तरी कानाला तोच चांगला वाटतो, आणि आघात मेलेला असला तरी ते लक्षात येत नाही. स्पीकरचा आवाज कमी करून ऐकले की आघात आणि आस यांचे खरे प्रमाण लवकर दिसते.

मिक्स पूर्ण झाल्यावर मास्टरिंगमध्ये आघाताला शेवटचा धोका असतो. सीडीच्या काळात गाणी एकमेकांपेक्षा मोठी वाजावीत म्हणून लिमिटरने टोके छाटत सरासरी पातळी वर नेण्याची स्पर्धा लागली, आणि सर्वांत आधी बळी गेले ते आघात. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाजाचा मोठेपणा कानाच्या जवळ जाईल अशा रीतीने मोजण्याची बीएस १७७० ही पद्धत ठरवली, आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारकांनी तिच्या आधारे उणे २३ लफ्स (या मोजणीचे एकक) ही पातळी स्वीकारली. स्पॉटिफायसारख्या सेवा मूळ सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे १४ लफ्सवर आणून वाजवतात. उणे ८ लफ्सपर्यंत चेपलेले गाणे तिथे सहा डेसिबल खाली आणले जाते, आणि आघात मात्र गेलेले ते गेलेलेच राहतात. शेजारी वाजणारे मोकळे मिक्स तेवढ्याच मोठेपणाचे आणि शिवाय ठोक्यांसह ऐकू येते. शेवटच्या लिमिटरवर टोकाची मर्यादा उणे १ डेसिबलवर ठेवतात, कारण एमपी३ किंवा एएसीमध्ये रूपांतर होताना आघाताची टोके मूळपेक्षा थोडी वर जाऊ शकतात.